१ सप्टेंबर १९४०चं भाडं

बाबा निवृत्त झाले, पीएफचे पैसे खात्यात आले आणि आमच्या घरात एकच विषय सुरू झाला: भाड्यानं द्यायला एखादा छोटा फ्लॅट घ्यावा का? मी इंजिनिअर, त्यामुळे एक्सेल शीट करायचं काम माझ्याकडे आलं. किंमत, मुद्रांक शुल्क, मेंटेनन्स, भाडं, दरवर्षीची वाढ आणि तळाशी हिरव्या रंगात परतावा. बाबांनी चष्मा लावून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण यात आपली गिरगावची खोली कुठेय?"

गिरगावची खोली म्हणजे आजोबांची चाळीतली भाड्याची खोली. बाबा तिथेच वाढले. आजी सांगायची, मालकाचा मेहता भाडं न्यायला आला की त्याला पाजलेला चहा महाग की दिलेलं भाडं महाग, हेच कळेनासं झालं होतं. मला तो विनोद वाटायचा. पुढे या विषयावर वाचत गेलो तेव्हा कळलं की त्यामागे एक तारीख आहे: १ सप्टेंबर १९४०.

मुंबईतल्या घरभाड्यावर सरकारनं हात ठेवला तो त्याच्याही आधी. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली युद्धकाळापुरता कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं. मग फाळणी झाली, निर्वासित आले आणि आधीच कमी असलेली घरं आणखी कमी पडली. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं ढोबळमानानं असं ठरवलं की १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं, तेच तिचं प्रमाण भाडं. वाढ करायची तर कर वाढले, जागेत सुधारणा केली अशी मोजकीच कारणं चालत. कायदा तात्पुरता होता. पण मुदत संपत आली की ती वाढवली जायची. आमच्या कोडमध्ये 'टेंपररी फिक्स' अशी कॉमेंट टाकलेल्या ओळी जशा कुणी काढत नाही, तसा तो पन्नास वर्षं टिकला.

त्याचा फायदा खोटा नव्हता. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक शहराच्या मधोमध राहू शकले. बाबांचं शिक्षण आजोबांच्या एका पगारात झालं, यात त्या थिजलेल्या भाड्याचाही वाटा आहे.

पण भाडं गोठवलं म्हणून जागेची किंमत गोठत नाही. ती दुसरी वाट शोधते. मुंबईत त्या वाटेचं नाव पागडी. भाडं पावतीवर काही रुपये आणि खोली बदलताना रोख रक्कम हातात. अशी रक्कम घेणं १९४७च्या कायद्यात गुन्हा होता, तरी सगळं शहर ती घेत-देत होतं. भाडेकरूनं खोली दुसऱ्याला दिली की मालकाचा ठरावीक हिस्सा, हा रिवाजच झाला.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. भाड्यातून दोन पोती सिमेंटही येत नसेल तर मालक जिन्याचा कठडा कशाला बदलेल? आणि भाडेकरू म्हणणार, इमारत माझी नाही. इमारती पडू लागल्या. शेवटी १९६९ साली कायदा करून सरकारनं इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द तिथून आला. मालक, भाडेकरू आणि सरकार असे तिघं असूनही पावसात बादल्या मांडायचं काम आजीकडेच राहिलं.

तिसरी गोष्ट गुंतवणूकदारांना जास्त झोंबली. कायद्याच्या कचाट्यातून सुटायला मालक 'लीव्ह अँड लायसन्स' करू लागले होते, म्हणजे भाडेकरार नाही, फक्त राहायची परवानगी. १९७३च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. कागदावरचा पाहुणा रातोरात भाडेकरू झाला. मग घर भाड्यानं देण्यापेक्षा कुलूप बरं, असं म्हणणारे मालक वाढले. घर शोधणाऱ्यांसाठी हे आणखी वाईट होतं.

डिसेंबर १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी ठरल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ला संपणार होती, म्हणून त्या तेव्हाच रद्द केल्या नाहीत. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९चा. तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. पागडी त्यात कायदेशीर झाली आणि जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. मी हिशेब केला: २००० साली १०० रुपये असलेलं भाडं २५ वर्षांनी साधारण २६७ रुपये होतं. पाया इतका खाली असला की टक्केवारी काही करू शकत नाही.

आज घर भाड्यानं देणाऱ्याला यातून काय मिळतं? एक, करार नोंदवा. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला' हे महाराष्ट्रात चालत नाही. कलम ५५प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं. दोन, वाढ थोडी पण दरवर्षी ठेवा. अडलेली वाढ पुढे एकदम मागितली की भांडणच होतं. तीन, दुरुस्तीचे पैसे भाड्यातूनच बाजूला काढा. ज्या भाड्यातून छत दुरुस्त होत नाही, ते भाडं शेवटी दोघांनाही बुडवतं. आणि कायदा बदलू शकतो हे धरून चाला. घर घेताना पुढच्या वीस वर्षांची भाडेवाढ गृहीत धरून कर्ज काढू नका.

मी शीटमध्ये दुरुस्तीची ओळ घातली. हिरवा आकडा बराच खाली आला. मला वाटलं, बाबा आता नको म्हणतील. त्यांनी फ्लॅट घेतला.

कराराचा मसुदा आला तेव्हा ते पेन घेऊन बसले. त्यात सगळ्या दुरुस्त्या भाडेकरूवर टाकल्या होत्या. बाबांनी ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं: छत किंवा भिंत गळल्यास दुरुस्ती मालक करेल, पंधरा दिवसांत. "पंधरा दिवस कशासाठी?" मी विचारलं.

"आम्ही सात पावसाळे थांबलो होतो," ते म्हणाले.