खण: चोळीचं कापड आणि ओटीचा मान

खण म्हणजे एक चोळी शिवता येईल एवढा, दोन्ही बाजूंना काठ असलेला कापडाचा तुकडा. त्याला चोळखण असंही म्हणतात. महाराष्ट्रात देवीची आणि सवाष्णीची ओटी खणा-नारळाने भरतात, पण या कापडाचं सर्वांत प्रसिद्ध गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे: गुळेदगुड्ड. तिथल्या खणाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

पारंपरिक खणात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. नक्षी भरतकामाची नसते, छापलेलीही नसते. ताण्यातच जादा धागे घेऊन ती विणली जाते. म्हणून खणावर मोठी वेलबुट्टी दिसत नाही. बारीक आकृत्या ओळीने येतात. सूर्यनारायण, रथ, रुद्राक्ष, हत्तीचं पाऊल अशी त्यांची नावं.

जुनी चोळी पुढे गाठ मारून बसवायची. शिवणाऱ्याचं कसब बेतण्यात असे: पन्हा अरुंद, कापड मोजकं, तरी काठ बरोबर दंडावर यायला हवा.

युरोपात मात्र छातीवरची सजावट हा वेगळाच भाग होता. सोळाव्या ते अठराव्या शतकात तिथल्या श्रीमंत स्त्रियांचे झगे पुढून उघडे असत आणि मधल्या जागेत ‘स्टमकर’ नावाचा त्रिकोणी, टोक खाली असलेला तुकडा टाचण्यांनी बसवत. त्यावर जरीचं भरतकाम, लेस, कधी रत्नंही. झगा तोच ठेवून स्टमकर बदलता येई. फ्रान्सच्या मादाम द पाँपदूर यांचं बुशेने 1756 मध्ये रंगवलेलं चित्र पाहावं; छातीवर गुलाबी फितींची फुलं शिडीसारखी रचलेली आहेत. पुढे झगे समोरूनच बंद होऊ लागले आणि स्टमकर गेला.

खणाचं तसं झालं नाही. हुकांचं ब्लाऊज आलं, साडीलाच ब्लाऊजपीस जोडून मिळू लागला, रोजची चोळी मागे पडली. पण ओटीमुळे खण टिकला. गंमत अशी, की आज ओटीत येणारे बरेच खण शिवायलाही पुरत नाहीत. ते त्रिकोणी घडीतच एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरतात.

अलीकडे खणाच्या साड्या, पर्स, तोरणं जोरात खपतात. त्यातलं बरंचसं कापड यंत्रमागावरचं, कृत्रिम धाग्याचं असतं. ते वाईट नाही, पण त्यातून हातमागाच्या विणकराला काही मिळत नाही. खरेदी करताना माग कोणता आणि धागा कशाचा, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.