नसबंदीनंतरचे तीन महिने

संततिनियमनाचा इतिहास म्हटलं की आपण र. धों. कर्व्यांपासून सुरुवात करतो. १९२१ साली त्यांनी मुंबईत केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. आज मारुंजीत मात्र मला बोलायचंय ते एका दुर्लक्षित टप्प्याबद्दल. पुरुष नसबंदीनंतरची वीर्यतपासणी.

आधी शरीराचं बघू. नसबंदीत शुक्रवाहिन्या कापून बांधतात. पण कापलेल्या जागेच्या पुढे शुक्राणू आधीच शिल्लक असतात. ते संपायला वेळ लागतो. म्हणून नियम असा, की तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं आणि त्यात शुक्राणू नाहीत हे दिसल्यावरच नसबंदी यशस्वी धरायची.

आता इतिहास. १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. जुलै १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात ६३ हजारांवर नसबंद्या झाल्या. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या. त्यातल्या साधारण ६२ लाख पुरुषांच्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक तर आपल्याच विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही.

यातली गोम लक्षात घ्या. उद्दिष्टाचा आकडा भरतो शस्त्रक्रियेच्या दिवशी. तपासणीचा दिवस येतो तीन महिन्यांनी, तोवर शिबिराचा मांडव उठलेला असतो. जो दिवस कुणाच्या उद्दिष्टात नाही, त्याची आठवण कोण करून देणार?

आणि तपासणी न करता दिवस राहिले, तर संशय कुणावर? बायकोवर. कागदाच्या एका रिपोर्टाने टळणारी गोष्ट संसार मोडू शकते. कायद्याने इथे थोडा आधार दिलाय. संततिनियमनाचं साधन फसून गर्भ राहिला, तर १९७१ च्या कायद्यानुसार त्या कारणावरून गर्भपात करून घेता येतो. पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हेही सांगितलं, की नसबंदी फसली म्हणजे डॉक्टरांचा हलगर्जीपणा आपोआप सिद्ध होत नाही.

आणीबाणीची भीती अजून गेलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के. तेव्हा पुढे येणाऱ्या त्या मोजक्या पुरुषांना तपासणीची तारीख शस्त्रक्रियेच्या दिवशीच लिहून द्या. आणि शिफ्टमुळे जमलं नाही, तर रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोध चालू ठेवा. एवढंच. आता प्रश्न विचारा, संकोच नको.