कामरान बेटापासून ‘फिट’च्या दाखल्यापर्यंत

परदेशी निघालेल्या माणसाची तब्येत कोणी तपासायची आणि तिकडे तो आजारी पडला तर त्याच्याकडे कोणी पाहायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या घरांतून आज तरुण मुले आखाती देशांत नोकरीला जातात. त्यांच्या आजे-पणज्यांच्या काळी परदेश म्हणजे हजचा सफर. या दोन्ही प्रवासांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला, तर एक गोष्ट ठळक दिसते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगाने फार लवकर शोधले. दुसऱ्याचे मात्र अजून अर्धेच सापडले आहे.

सुरुवात हजपासूनच करावी लागते. रेल्वे १८५४ साली कल्याणला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोहोचली. शहापूरच्या माणसाला आसनगावला गाडी मिळू लागली. मुरबाडकराला मात्र आधी कल्याण गाठावे लागे. पुढे मुंबईचे बंदर, तिथून आगबोटीने जेद्दा. याच काळात, १८६५ साली, मक्केत पटकीची मोठी साथ आली. त्या वर्षी सुमारे पंधरा हजार हाजी दगावल्याचे सांगितले जाते. परतणाऱ्या हाजींबरोबर ही साथ इजिप्तमार्गे युरोपात गेली आणि तिथली सरकारे खडबडून जागी झाली. १८६६ साली इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिच्यापुढे मुख्य चिंता होती ती पटकी पूर्वेकडून युरोपात कशी येऊ द्यायची नाही, याची.

त्यातूनच पुढे १८८२ साली तांबड्या समुद्रात, येमेनच्या किनाऱ्याजवळ, कामरान बेटावर उस्मानी सरकारचे क्वारंटाइन ठाणे उभे राहिले. हिंदुस्थानातून येणाऱ्या हाजींना तिथे उतरवले जाई. त्यांचे कपडे आणि सामान निर्जंतुक केले जाई. बोटीवर रोगी सापडला तर मुक्काम लांबे. विशेष म्हणजे या सक्तीच्या मुक्कामाची फी हाजीकडूनच वसूल होई. तब्येतीची तपासणी दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आणि खर्च मात्र तपासल्या जाणाऱ्याच्या गाठीचा! हा शिरस्ता तिथे रुजला आणि पुढे दीर्घकाळ टिकला.

मग हाजीची काळजी कोणालाच नव्हती का? इथे डॉ. अब्दुर रज्जाक हे नाव आदराने घ्यावे लागेल. सरकारी वैद्यकीय सेवेतले हे हिंदी मुसलमान डॉक्टर १८७८ साली हाजींबरोबर हिजाजला गेले आणि १८८२ साली जेद्द्याला ब्रिटिश उपवकील म्हणून नेमले गेले. त्यांना तिथे पाठवण्यात सरकारचे राजकीय हेतूही होते, हे खरे. तरीही हाजींच्या बोटींतली गर्दी, घाण पाणी आणि कामरानमधले हाल त्यांनी अहवालांतून सरकारपुढे मांडले. १८९५ साली जेद्द्याच्या बाहेर त्यांची हत्या झाली. आपल्या माणसांसोबत आपला डॉक्टर असावा, ही कल्पना आपल्याकडे त्यांच्या कामातून दिसू लागते. आज हजच्या काळात भारत सरकारचे डॉक्टर आणि परिचारिका मक्का-मदिनेत दवाखाने चालवतात. ती त्याच वाटेवरची पुढची पायरी म्हणता येईल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी सरकारने हिंदुस्थानातून हजला जाणे बंद केले. युरोपच्या दडपणाचा त्यात मोठा वाटा होता. त्याच १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. बंदी आणि लस या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच वर्षी घडल्या. पुढे लशीचा दाखला हा प्रवासाच्या कागदांचा भाग झाला. देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले आणि तो दाखला इतिहासजमा झाला. पण हाजींत मेंदूज्वराच्या साथी आल्यावर त्याच्या लशीची अट आली, ती आजही आहे. समुद्रमार्गे हज १९९५ साली थांबला, तरी दाखला मात्र विमानात चढला.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात मजुरांची, कारागिरांची मागणी वाढली. मग आपल्याकडे ‘मेडिकल’ हा शब्द घरोघरी पोहोचला. आखाती देशांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच रक्त, लघवी आणि छातीचा एक्स-रे करायचा. क्षय, कावीळ, एच.आय.व्ही. यांची तपासणी होते. बरा झालेल्या क्षयाचा जुना डागसुद्धा माणसाला ‘अनफिट’ ठरवू शकतो. मुरबाडच्या मुलाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते, पैसे बहुधा त्याच्याच खिशातून जातात, आणि हाती येतो एक शब्द. कामरानचा शिरस्ता आठवतो तो इथे. ‘फिट’ म्हणजे तुमच्यापासून तिकडे धोका नाही. तिकडे तुम्हाला काही झाले तर काय, याचे उत्तर त्या दाखल्यात नसते.

ते उत्तर उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी आले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने मजुरांच्या करारावर सरकारची नजर आली. डिसेंबर २००३ मध्ये प्रवासी भारतीय विमा योजना सुरू झाली. आज तिच्यात २७५ रुपयांत दोन वर्षांचा आणि ३७५ रुपयांत तीन वर्षांचा विमा मिळतो, कर वेगळा. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण आहे. दवाखान्याच्या खर्चाची मर्यादा मात्र फार कमी, एक लाखाची. तिकडच्या देशांनीही पावले टाकली. अबुधाबीने २००६ पासून, दुबईने २०१४ पासून टप्प्याटप्प्याने, आणि २०२५ च्या जानेवारीपासून संयुक्त अरब अमिरातीतल्या उरलेल्या अमिरातींनीही मालकावर कामगाराच्या आरोग्य विम्याची जबाबदारी टाकली.

यात एक मेख आहे आणि शिक्षक म्हणून ती मला फार महत्त्वाची वाटते. आपली सरकारी विमा योजना सक्तीची आहे ती ज्यांना उत्प्रवास परवानगी लागते त्यांना, म्हणजे प्रामुख्याने दहावी न झालेल्यांना. आमच्या शाळेतून दहावी पास झालेल्या मुलाच्या पासपोर्टावर ती अट नसते. ही सवलत चांगलीच आहे. पण तिच्याबरोबर सरकारी विम्याची सक्तीही जाते. शिकलेला आहे, स्वतः विचारील, असे कायद्याने गृहीत धरले आहे. मग आपण त्याला विचारायला शिकवले पाहिजे.

काय विचारायचे? विम्याचा हप्ता मालक भरणार की पगारातून कापणार? कोणत्या दवाखान्यात कार्ड चालते? मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजार धरले आहेत का? नोकरी सुटली तर विमा किती दिवस राहतो? शिवाय शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातले किंवा गावच्या डॉक्टरांकडचे जुने कागद फेकू नयेत. औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी आपल्याकडची वेदनाशामके अमिरातीत नियंत्रित आहेत. परवानगीशिवाय नेली तर विमानतळावरच अडचण होते.

करारनामा आणि विम्याचे पत्रक इंग्रजीत किंवा अरबीत असते. घरातली नववी-दहावीतली मुलगी ते अब्बांना वाचून दाखवू शकते. शाळेत एखादा तास त्यासाठी दिला तर अभ्यासक्रम बुडत नाही. कामरानच्या हाजीला विचारण्याची सोय नव्हती. आजच्या मुलाला ती आहे. सही करण्यापूर्वी त्याने ती वापरावी.