तळटीप 14 : सरकत्या पट्ट्यावरचे विमान

धावपट्टीच्या जागी सरकता पट्टा आहे आणि विमान ज्या वेगाने पुढे जाईल त्याच वेगाने तो मागे सरकतो. मग विमान उडेल का, असा हा काल्पनिक प्रयोग. उत्तर : उडेल. समृद्धी महामार्गावर मेहकरजवळ ताशी 100 किलोमीटरने मागे सरकणारा पट्टा टाकला, तर मोटारीचा काटा 100 दाखवील, पण मोटार मेहकरलाच राहील. कारण तिचे इंजिन चाकांमार्फत रस्त्याला रेटते. विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेले नसते. पंखा किंवा जेट हवेला मागे ढकलते. पट्ट्यामुळे चाके दुप्पट वेगाने फिरतात, घर्षण किंचित वाढते, इतकेच. 2008 साली ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी मालिकेत मागे ओढल्या जाणाऱ्या ताडपत्रीवरून छोटे विमान खरोखर उडाले.

विमानाला अडवते ती विरळ हवा. घाटावरच्या बुलढाण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटरवर, मे महिन्याच्या दुपारी तेच विमान मुंबईतल्या थंड पहाटेपेक्षा बरेच जास्त धावून मगच उचलले जाईल. — संपा.