सूक्ष्मप्रक्रियक : उत्पादकांतील स्पर्धा

संगणकातील गणिती व तार्किक क्रिया करणारे आणि इतर भागांचे नियमन करणारे मंडल सिलिकॉनच्या एका लहानशा चकतीवर सामावलेले असते, तेव्हा त्यास सूक्ष्मप्रक्रियक आणि व्यवहारात प्रोसेसर असे म्हणतात [→ संगणक]. मेजावरील संगणकांसाठी लागणाऱ्या सूक्ष्मप्रक्रियकांच्या बाजारपेठेत इंटेल (स्थापना १९६८) आणि अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस किंवा ए. एम. डी. (स्थापना १९६९) या दोन अमेरिकन कंपन्यांचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले आहे. त्यांच्यातील चुरस आरंभी वेगासाठी होती. २००५ नंतर ती गाभ्यांची संख्या आणि किमतीच्या मानाने मिळणारी कार्यशक्ती यांभोवती फिरू लागली.

पूर्वपीठिका : इंटेलने १९७१ मध्ये ‘४००४’ हा सु. २,३०० ट्रँझिस्टरांचा सूक्ष्मप्रक्रियक विक्रीस आणला. आय. बी. एम. कंपनीने १९८१ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ‘८०८८’ निवडला. मात्र पुरवठा एकाच कंपनीवर अवलंबून राहू नये, असा तिचा आग्रह होता. त्यामुळे १९८२ मध्ये इंटेल व ए. एम. डी. यांच्यात तंत्रज्ञानाच्या देवघेवीचा करार झाला. पुढे ‘८०३८६’ (१९८५) या प्रक्रियकाचे तंत्र देण्यास इंटेलने नकार दिला आणि वाद लवादाकडे व न्यायालयांत गेला. ए. एम. डी.ने १९९१ मध्ये स्वतःचा ४० मेगॅहर्ट्‌झचा ‘एएम ३८६’ बाजारात आणला. इंटेलचा त्या जातीतील सर्वांत वेगवान प्रक्रियक ३३ मेगॅहर्ट्‌झचा होता. हा वाद १९९५ मध्ये मिटला.

पुणे येथे जन्मलेले अभियंते विनोद धाम (१९५०– ) यांचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. इंटेलच्या ‘पेंटियम’ (१९९३) या सु. ३१ लाख ट्रँझिस्टरांच्या प्रक्रियकाच्या विकासात त्यांचा प्रमुख वाटा होता. त्यानंतर ते नेक्सजेन या कंपनीत गेले. ती कंपनी १९९६ मध्ये ए. एम. डी.त विलीन झाली व तिच्या आराखड्यावरून ‘के ६’ (१९९७) तयार झाला. तो पेंटियमच्याच जुन्या खोबणीत बसत असे व ‘पेंटियम २’पेक्षा स्वस्त होता. इंटेलला १९९८ मध्ये ‘सेलेरॉन’ ही कमी किमतीची मालिका काढावी लागली, ती या परिस्थितीत.

वेगाची मर्यादा : मार्च २००० मध्ये ए. एम. डी.ने आणि दोनच दिवसांनी इंटेलने एक गिगॅहर्ट्‌झचा टप्पा गाठला. तथापि वेग वाढविताना विजेचा वापर व उष्णता इतकी वाढली, की चार गिगॅहर्ट्‌झचा नियोजित ‘पेंटियम ४’ इंटेलने २००४ मध्ये रद्द केला. एकच गाभा अधिक वेगाने चालविण्याऐवजी एका प्रक्रियकात अनेक गाभे बसविणे, हा त्यावरील मार्ग ठरला. अनेक साध्या प्रक्रियकांकडून एक मोठे काम करून घेण्याचे तत्त्व नवे नव्हते. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅक) ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये त्याच तत्त्वावर उभारला गेला होता.

गाभ्यांची स्पर्धा : मेजावरील संगणकांसाठी दोन गाभ्यांचे प्रक्रियक दोन्ही कंपन्यांनी २००५ मध्ये आणले. ‘कोर २’ (२००६) मुळे इंटेलने निर्विवाद आघाडी घेतली. ए. एम. डी.ने २०१० मध्ये सहा गाभ्यांचा ‘फेनम २’ ३०० डॉलरांच्या आत दिला. इंटेलच्या सहा गाभ्यांच्या प्रक्रियकाची किंमत त्या वेळी सु. १,००० डॉलर होती. मात्र ए. एम. डी.च्या ‘एफएक्स’ (२०११) मालिकेतील आठ गाभे जोडीजोडीने रचलेले असून अपूर्णांकांची गणिते करणारा विभाग प्रत्येक जोडीत सामाईक होता. त्यास आठ गाभे म्हणावे काय, यावरून ग्राहकांनी अमेरिकेत दावा लावला व २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरांवर तडजोड झाली.

समर्थ प्रतिस्पर्धी नसल्याने सामान्य ग्राहकांसाठीचे इंटेलचे प्रक्रियक २०१७ पर्यंत चार गाभ्यांवरच थांबले. त्या वर्षी मार्चमध्ये ए. एम. डी.ने आठ गाभ्यांचा ‘रायझेन ७’ ३२९ ते ४९९ डॉलरांस आणला. इंटेलचा तितक्याच गाभ्यांचा प्रक्रियक १,००० डॉलरांहून महाग होता. इंटेलने त्याच वर्षी सहा व २०१८ मध्ये आठ गाभे दिले, ए. एम. डी.ने २०१९ मध्ये सोळा गाभ्यांपर्यंत मजल मारली. इंटेलने २०२१ पासून मोठे वेगवान व लहान काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे एकत्र बसविण्यास आरंभ केला. २०२२ मध्ये त्यांची एकूण संख्या २४ झाली. परिणामी गाभ्यांच्या नुसत्या संख्येवरून दोन कंपन्यांच्या प्रक्रियकांची तुलना करणे अवघड झाले.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्व : कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो गाभे वाढविल्याने लवकर होत नाही, हे जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये दाखविले. असा भाग एकदशांश असेल, तर आठ गाभ्यांनी काम फार तर ४·७ पट आणि गाभे कितीही वाढविले तरी दहा पटींपेक्षा कमीच वेगाने होते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (स्थापना २००१) एम. एस.-सी. आय. टी. या अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या गावी मराठी अक्षरजुळणी, पत्रव्यवहार व हिशेब एवढ्याच कामांसाठी संगणक घेणाऱ्यास दोन-चार गाभे पुरतात. लग्नसमारंभाच्या चित्रफितींचे संपादन करणाऱ्यास मात्र अधिक गाभ्यांचा प्रत्यक्ष लाभ होतो. पेटीवरील आकड्यापेक्षा आपल्या कामाचे स्वरूप पाहूनच निवड करणे म्हणून हितावह असते. सुटे भाग जोडून संगणक तयार करून घेण्याच्या प्रथेमुळे अशी निवड ग्राहकाच्या हाती राहते. दहा वर्षांच्या स्तब्धतेनंतर २०१७ ते २०१९ या तीनच वर्षांत जवळजवळ त्याच किमतीत दुप्पट गाभे मिळू लागले, यावरून स्पर्धेअभावी ग्राहकास किती गमवावे लागते, हे स्पष्ट होते.