शब्द कुणाचे, कोश कुणाचा?

‘जमीन’, ‘कागद’, ‘वकील’ हे शब्द मराठीत कुठून आले, हे पाहायला मी आजही मोल्सवर्थ उघडतो. कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ आणि त्यांच्या हाताखालच्या मराठी पंडितांनी १८३१ मध्ये या कोशाची पहिली आवृत्ती काढली, १८५७ मध्ये दुसरी. शब्दापुढे तो अरबीतून आला की फारसीतून, याची खूण आहे. मराठीतून ‘परके’ शब्द हाकलायला निघालेल्यांनी या खुणा एकदा मोजाव्यात.

अशा कोशाची विदा एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरसोबत वाटायची झाली, तर परवानगी कुणाची घ्यायची? शब्द कुणाच्याच मालकीचा नसतो. अर्थ सांगणारी वाक्ये आणि उदाहरणांची निवड मात्र कोशकाराची. भारतीय कायद्याने ती लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राखीव राहतात. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे साहित्य खुले होण्याची वेळ आली, तेव्हा ती वाढवली गेली.

मोल्सवर्थचा मजकूर कधीच मोकळा झाला आहे. तरीही ‘पुस्तक जुने, म्हणजे फुकट’ एवढ्यावर काम भागत नाही. पुनर्मुद्रणाला जोडलेली नवी प्रस्तावना नव्या लेखकाची असते. शिकागो विद्यापीठाने हा कोश संकेतस्थळावर आणला, हे मोठेच काम. पण कुठल्याही संस्थेच्या विदेला तिच्या स्वतःच्या अटी असू शकतात. युरोपात तर १९९६ पासून विदासंचय उभारणाऱ्याला पंधरा वर्षांचा वेगळा हक्क आहे.

खरी अडचण ‘व्यापारी वापर नको’ या अटीची. ती ऐकायला सज्जन वाटते, पण डेबियनसारखी मंडळी अशी विदा आपल्या मुख्य संचात घेत नाहीत. विकण्याची आणि बदलण्याची मुभा नसेल, तर त्यांच्या लेखी ती मुक्त नाही. मला हा हट्ट योग्य वाटतो. चुकीची व्युत्पत्ती दुरुस्त करून वाटता येत नसेल, तर कोश मिळूनही हात बांधलेलेच.

जपानीचे उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलियातल्या जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये जपानी-इंग्रजी शब्दांची एक फाइल सुरू केली. पुढे ती मोनाश विद्यापीठातल्या एका गटाकडे सोपवली गेली. आज अट एवढीच: श्रेय द्या आणि बदललेली प्रत त्याच अटीवर वाटा. प्रोग्रामचा परवाना वेगळा, विदेचा वेगळा. दोन्ही आपापल्या फाइलसोबत.

आपल्याकडे माधव ज्यूलियन, म्हणजे फारसीचे प्राध्यापक मा. त्र्यं. पटवर्धन, यांचा फारसी-मराठी कोश १९२५ चा. ते १९३९ मध्ये गेले. पन्नास मोजा की साठ, मुदत संपलेली आहे. त्या छापील पानांवरून कुणी विदा टंकायला बसले, तर पहिल्या शब्दाआधी परवान्याची फाइल तयार करावी आणि कुठल्या आवृत्तीवरून टंकले तेही तिच्यात लिहावे.