पहारा : दाराबाहेरचा आणि दाराआंतला

पुण्याच्या इतिहासांत लढायांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. पण लढाई संपल्यावर शिपायाचें काय झालें, हा अध्याय क्वचितच कोणी उघडतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या रणांगणावर पेशव्यांचा पराभव झाला व पुढील वर्षीं दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. परंतु राज्य बुडालें तेव्हां त्याच्याबरोबर शिलेदारांची, गडकऱ्यांची आणि पहारेकऱ्यांची भाकरीहि बुडाली, हें मोठ्यांच्याहि ध्यानांत नसतें.

उमाजी नाइकाचें चरित्र या बाबतींत डोळ्यांत अंजन घालणारें आहे. पुरंदरच्या परिसरांतील भिवडी गांवीं १७९१ सालीं जन्मलेला हा पुरुष रामोशी समाजांतला. गडाचा पहारा हें त्या समाजाचें परंपरागत काम. तें काम व त्यावरील हक्क हिरावले जाण्यास बाजीरावाच्या कारकीर्दींतच आरंभ झाला होता. कंपनीच्या अंमलांत उरलेंसुरलेंहि गेलें. पुढें उमाजीनें बंड उभारलें, सरकारास कित्येक वर्षें हैराण केलें, आणि १८३२ सालीं पुण्यांत तो फांशीं गेला. त्याच्या बंडाचीं कारणें अनेक असतील; तथापि ज्यांच्या हातीं गडाचा दरवाजा विश्वासानें सोंपविला जात असे, त्यांच्या कसबास नव्या राज्यांत जागा उरली नाहीं, हें त्यांतील एक प्रमुख कारण होय.

या प्रश्नाचें दुसरें, अधिक शहाणपणाचें उत्तर त्याच खडकींत पाहावयास मिळतें. पहिल्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांस धंदा शिकवावा, या हेतूनें १९१७ सालीं मुंबईस राणी मेरीच्या नांवें एक औद्योगिक शाळा निघाली. ती पुढें खडकीस आली व अद्याप चालू आहे. अपंग शिपायास बसून खाण्यापुरतें द्यावें, हा एक विचार. त्याच्या हातीं अवजार देऊन त्यास कारागीर करावें, हा दुसरा. शाळेनें दुसरा विचार पत्करला, आणि त्यांतच तिचें मोठेपण आहे.

आज हाच प्रश्न नव्या वेषांत आपल्यापुढें उभा आहे. आपलीं पत्रें, छायाचित्रें व बँकेचे हिशेब आतां दप्तरांत न राहतां ‘डेटा सेंटर’ नांवाच्या इमारतींत राहतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं भारतांत तीन ठिकाणीं अशी सोय सुरू केली, त्यांपैकीं एक पुणें. अशा इमारतींत असंख्य यंत्रें अहोरात्र चालतात. वीज जातांच बॅटऱ्यांनीं भार उचलावा, तेवढ्यांत डिझेलचीं जनित्रें सुरू व्हावींत, यंत्रें तापूं नयेत म्हणून गारवा अखंड राखावा, आणि कोण आंत आलें व कोणी काय बदललें याची नोंद राहावी, असा तेथील शिरस्ता. पाळी संपतांना जाणारा येणाऱ्यास सारी हकीकत सांगून जातो. बिघाड होण्यापूर्वींच त्यावरील उपायांची तालीम केलेली असते.

वाचकहो, हें वर्णन छावणीचें वाटत नाहीं काय? खडकींत बाँबे सॅपर्स या पलटणीचें ठाणें आहे. दापोडीस लष्करी अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे. तेथून बाहेर पडणारा माणूस केवळ बंदूकधारी नसतो. जनित्र, विद्युत्-जोडणी, दळणवळणाचीं यंत्रें यांशीं त्याची ओळख जन्माची. बहुतेक जवान चाळिशीच्या आगेंमागें निवृत्त होतात. आणि २०२२ सालीं आलेल्या अग्निपथ योजनेनें तर चार वर्षांची चाकरी करून पंचविशीच्या आंतबाहेर घरीं परतणाऱ्या तरुणांचा नवा वर्ग निर्माण केला आहे. त्यांपैकीं फार तर चौथा हिस्सा सैन्यांत कायम राहावयाचा.

आणि तरीहि घडतें काय? आमच्या परिचयाचे एक गृहस्थ वीस वर्षें लष्करांत बिनतारी यंत्रें दुरुस्त करीत होते. ते एका मोठ्या कचेरींत नोकरीस गेले, ते दारावर वही घेऊन बसण्यासाठीं. आंतील जनित्र बंद पडलें कीं बाहेरून कारागीर बोलावीत. यांचें काम त्याचें नांव वहींत उतरून घेण्याचें. “साहेब, मला कोणी विचारलेंच नाहीं,” एवढेंच ते म्हणाले.

दाराचा पहारा हलका, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. डेटा सेंटर हा सर्व माजी सैनिकांच्या पोटाचा उपाय आहे असेंहि नव्हे. बांधून झाल्यावर तें थोडक्या माणसांवर चालतें. शिवाय तेथील यंत्रविद्या झपाट्यानें बदलते. लष्करांत शिकलेलें जसेंच्या तसें पुरत नाहीं, आणि हुकूम सोडण्याची व झेलण्याची संवय असलेल्यास सल्लामसलतीचें वळण नव्यानें लावून घ्यावें लागतें. निवृत्तीच्या आधीं जवानांस शिक्षण देण्याची सोय संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडून होते. परंतु शिकून आलेल्यास दाराआंत घेणें हें कंपन्यांच्याच हातीं आहे. त्याच्या सेवापुस्तकांतील लष्करी शब्दांचा अर्थ लावून पाहण्याची तसदी त्यांनीं घेतली पाहिजे.

माणसाचें कसब न ओळखण्याची किंमत या शहरानें एकदां पुरंदरच्या डोंगरांत मोजली आहे. आजचा माजी सैनिक बंड करणार नाहीं. तो मुकाट्यानें दाराशीं बसेल. म्हणूनच त्याला आंत काय येतें, हें आपण होऊन विचारण्याचें कर्तव्य आपल्यावर अधिकच येतें.